बाउंड्रीवरचा लिंबाजी

सास्तूरच्या लिंबाजीनं चौदा वर्षांच्या खेळात सगळ्या मिळून एकशे सात धावा केल्या. चांगला फलंदाज एवढ्या एका दुपारी करतो आणि वर जेवायलाही वेळेवर येतो. गोलंदाजी त्याला कुणी कधी दिली नाही. तरीही लातूरची, बार्शीची, एकदा तर थेट गुलबर्ग्याची टीम त्याला न्यायला माणूस पाठवायची, एसटीचं तिकीट काढून द्यायची, दोन वेळा मटण खाऊ घालायची आणि परत जाताना पँटचं कापड हातात ठेवायची. कशासाठी, तर त्यानं दिवसभर उन्हात बाउंड्रीवर उभं राहावं म्हणून. नुसतं उभं राहून नाव कमावणारे आमच्या जिल्ह्यात निवडणुकीतले सोडले तर दुसरे कुणी नव्हते.

त्याचा हात तयार झाला तो शेळ्यांमागं. सात वर्षांचा असल्यापासून तो गावातल्या लोकांच्या शेळ्या राखायचा. राखणाऱ्यानं दगड शेळीला मारायचा नसतो. पाय मोडला तर मालक कुणाचा पाय मोडायला येईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दगड पडायला हवा शेळीच्या पुढ्यात, तोंडापासून हातभर अंतरावर. मग ती बिचकते आणि आपसूक मागं वळते. लिंबाजी शंभर पावलांवरून असा दगड टाकायचा. शेळी कुठं उधळणार हे त्याला तिच्या मानेवरूनच कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या शेळ्याही विकल्या गेल्या आणि अठरा वर्षांचा लिंबाजी लोहाऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला बसला. तिथला ओव्हरसियर होता उमरग्याचा शांतलिंग. लोक त्याला आप्पा म्हणत. वय तिशीचं, रंगानं गोरा, आणि क्रिकेटचा असा नाद की जीपमध्ये नकाशांच्या गुंडाळ्यांबरोबर बॅटही असायची. एका दुपारी कुणाची तरी चुकार शेळी मजुरांच्या पाण्याच्या पिंपाकडं निघाली. सगळे ओरडले. लिंबाजीनं डाव्या हातातला हातोडा खाली न ठेवताच बसल्या जागेवरून एक खडा फेकला. तो शेळीच्या नाकासमोर पडला आणि शेळी आल्या वाटेनं परत फिरली. आप्पा जीपमधून उतरला. पिंपाच्या पुढ्यात त्यानं आपला रुमाल अंथरला आणि लिंबाजीला त्यावर खडे टाकायला सांगितले. पाचांतले चार रुमालावर पडले. पाचवा का चुकला याचा विचार आप्पा संध्याकाळपर्यंत करत होता म्हणे.

पुढच्याच वर्षी आप्पा सरकारी नोकरी सोडून धाराशिवच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात लागला. कुठला ते विचारू नका, माणसं अजून हयात आहेत. कारखान्याची टीम होती, आप्पा तिचा कप्तान झाला आणि लिंबाजी हंगामी कामगार. आठवडाभर त्यानं ऊस चरकाकडं नेणाऱ्या गव्हाणीवर मोळ्या टाकायच्या आणि रविवारी बाउंड्रीवर उभं राहायचं. पहिल्या वर्षी जेवणाच्या वेळी त्याचं ताट सगळ्यांपासून थोडं बाजूला पडायचं. तोंडानं कुणी काही म्हणायचं नाही, पण बौद्धवाड्यातला पोरगा हे सगळ्यांना माहीत होतं. एका रविवारी आप्पानं स्वतःचं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. कप्तान तिकडं गेल्यावर विकेटकीपर गेला, आणि भाकरी संपायच्या आत सगळी टीम तिकडं सरकली. त्यावर पुढं कधी चर्चा झाली नाही.

मैदान म्हणजे मुरमाचा माळ. मधे काथ्याची मॅटिंग आणि कडेनं फक्कीची रेघ. रेघेच्या बाहेर उसाच्या गाड्या नंबर लागायची वाट बघत उभ्या असायच्या. गाडीवान मोळ्यांवर चढून बसायचे, ऊस सोलून खायचे आणि खेळ बघायचे. लिंबाजीला बूट दिले होते, ते तो रेघेपाशी काढून ठेवायचा. गोलंदाज धावायला लागला की तो गुडघ्यांत थोडा वाकायचा आणि फलंदाजाच्या खांद्याकडं बघायचा. बॅटचा आवाज इकडं पोचायच्या आत त्याची तीन पावलं पडून झालेली असायची. चेंडू उचलून फेकला की तो एक टप्पा खाऊन थेट कीपरच्या हातमोज्यात. लातूरच्या सामन्यात पहिल्याच तासात तिघं धावबाद झाले, तेव्हापासून तिकडचे फलंदाज एकमेकांना बजावायचे, लिंबाजीकडं चेंडू गेला तर एकच धाव. दुसरीचं नाव काढायचं नाही. गाडीवानांनी तर त्याच्या बाजूला गाड्या लावायची चढाओढ सुरू केली. नंबर हुकला तरी चालेल, पण जागा लिंबाजीच्या मागची पाहिजे.

एकाच माणसाला या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं, त्याच्या बापाला. श्रीपती सास्तूरला दोन एकर कोरडवाहू करायचा, ताठ मानेचा आणि कमी बोलणारा माणूस. पोरगा काय खेळतो ते त्यानं एकदा नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, "सायबानं चेंडू मारायचा आन आपुन पळत जाऊन आनून द्यायचा. ह्यो काय खेळ म्हनायचा?"  याला उत्तर अजूनही कुणाकडं आहे असं वाटत नाही.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण लिंबाजीचं सगळं आयुष्य तिच्यावर अडलं. गळीत हंगाम संपत आला की शेवटच्या रविवारी चेअरमन विरुद्ध कामगार असा सामना व्हायचा. चेअरमनसाहेब धोतर सावरून, डोक्याला फेटा बांधून एक षटक खेळायचे. सावकाश चेंडू टाकायचा, साहेबांनी तो उंच मारायचा, आणि ज्याच्या डोक्यावर येईल त्यानं डोळ्यांवर हात धरून उन्हानं दिसलं नाही असं करायचं. चेंडू रेघेबाहेर गेला की बँड वाजायचा, पेढे वाटले जायचे. त्याच संध्याकाळी मांडवात त्या वर्षी कायम झालेल्या कामगारांची यादी वाचून दाखवायचे. पावसाला आमंत्रण द्यावं तसा तो सामना व्हायचा आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली लिंबाजीला हे सगळं आप्पानं समजावून सांगितलं होतं. त्यानं मानही डोलवली होती. साहेबांनी चेंडू मारला, तो लिंबाजीच्या बाजूला आला, आणि रेघेपाशी पोचेपर्यंत त्याच्या ध्यानात होतं की हा सोडायचा आहे. पुढं काय झालं ते त्यालाही सांगता यायचं नाही. चेंडू हातात होता. बँडवाल्यानं वाजवायला सुरुवात केली होती, ती मधेच थांबली. गाडीवान तेवढे ओरडले, कारण त्यांना कायम व्हायचं नव्हतं.

साहेब हसले. खरंच हसले. लिंबाजीला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली, नाव विचारलं. पण मोठ्या माणसाभोवती जी माणसं असतात त्यांना त्याच्यापेक्षा जास्त मनाला लागतं. त्या वर्षी यादीत लिंबाजीचं नाव येणं शक्यच नव्हतं, तो नवा होता. पुढच्या वर्षीही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कीपर कायम झाला, मग दोन्ही गोलंदाज, मग ज्यानं चेंडू फेकला की तो भलत्याच गावाला जायचा तो यलगुंडेही. लिंबाजीचं नाव कुणी खोडलं, खोडलं की नुसतंच राहिलं, हे कधीच कळलं नाही. आप्पा दर वर्षी विचारायला जायचा आणि पुढच्या वर्षी बघू हे उत्तर घेऊन यायचा. मार्च संपला की लिंबाजी माकणीच्या धरणाच्या मातीकामावर टोपल्या उचलायचा आणि दिवाळीला पुन्हा गव्हाणीवर हजर व्हायचा. राग त्याला यायचा नाही, निदान दिसायचा नाही. मला मात्र त्याच्या वाटचा राग येतो.

मधे त्याचं लग्न झालं. बायको सुमनबाई माकणीची, कामाला वाघीण. दोन मुली झाल्या. हंगामी कामगारांची पत्र्याची झोपडी कारखान्याच्या कुंपणाबाहेर होती आणि पाणी टँकरनं यायचं, तेही दिवसाआड. कुंपणाच्या आत कायम कामगारांची कॉलनी होती. दोन खोल्या, मोरी, आणि प्रत्येकाच्या दारात नळ. सुमनबाई घागरी घेऊन रांगेत उभी राहायची तेव्हा तारेपलीकडं कुणाच्या तरी नळाचं पाणी अंगणात सांडत असायचं. ती नवऱ्याला कधी टोचून बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली की धाकटीला नळ म्हणजे काय हे माहीत नाही, तिनं परवा त्याला हात लावून बघितलं आणि तिथल्या बाईनं हटकलं.

शहाऐंशी साली पाऊस पुन्हा हुलकावणी देऊन गेला. तेरणेचं पात्र कोरडं पडलं, ऊस शेतातच वाळला, आणि एरवी पाच महिने चालणारा कारखाना पुढच्या वर्षी जानेवारीतच थंड व्हायला आला. लेबर ऑफिसातला कारकून महारुद्र लिंबाजीचा चाहता होता. त्यानं चहाच्या टपरीवर हळूच बातमी फोडली. पुढच्या हंगामापासून हंगामी माणसं घ्यायची नाहीत, आहेत त्यांना निरोप. शेवटची नऊ नावं कायम करायची, बस. यादी टाइप झाली आहे आणि सातवं नाव लिंबाजीचं आहे. यादी संध्याकाळी साहेब वाचतील. तोवर सगळं गोडीगुलाबीनं होऊ दे, एवढंच महारुद्रनं सांगितलं. साहेब आता थकलेले, त्यांचा हा शेवटचा सामना. जास्त बोलायची गरज नव्हती.

सामन्याच्या आदल्या दिवशी आप्पाही झोपडीवर आला. चौऱ्याहत्तरनंतर दर वर्षी या सामन्यात तो लिंबाजीला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कीपरच्या मागं उभं करायचा, आणि या वर्षीही त्यानं तेच ठरवलं होतं, म्हणजे प्रश्नच मिटला. पण साहेबांनीच मुद्दाम निरोप पाठवला होता की तो पळणारा पोरगा नेहमीच्या जागी दिसू द्या. हा निरोप प्रेमानं होता की आणखी कशानं, हे आप्पाला कळेना. जाताना तो म्हणाला, "लिंबा, मी तुला चेंडू सोड असं सांगणार न्हाय. सांगायचं तोंड न्हाय मला." आणि निघून गेला.

सुमनबाईनं सास्तूरला निरोप धाडला होता. सासऱ्यांनी यावं, मुलाचं नाव पुकारतील ते ऐकावं. श्रीपती यादी ऐकायला म्हणून आला, पण यादी संध्याकाळी होती आणि सामना दुपारी, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा तो पोराचा खेळ बघायला गाडीवानांच्या शेजारी जाऊन बसला. पांढरा सदरा, पांढरा पटका. लिंबाजीनं बूट काढले तेव्हा बाप त्याच्यापासून वीस पावलांवर होता.

साहेब आले. दोघांनी हात धरून त्यांना खेळपट्टीवर नेलं. पहिले तीन चेंडू त्यांच्या बॅटला लागलेच नाहीत. लिंबाजी वाकून उभा होता आणि त्याला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. मागच्या वेळी त्याच्या मनानं ठरवलं होतं, पण हातांनी ऐकलं नव्हतं. तेरा वर्षांत तर हात आणखीच पक्के झाले होते. चेंडू आला की ते झेलायला जाणार, आणि सातवं नाव गेलं, नळ गेला, पोरी गेल्या टँकरच्या रांगेत.

इथं त्याच्या झेल घेण्याबद्दल सांगायला पाहिजे. उंच चेंडू सगळे पोटापाशी दोन्ही हातांची ओंजळ करून घेतात. लिंबाजी कधीच नाही. तो हात तोंडासमोर धरायचा, बोटं आभाळाकडं आणि तळवे पुढं, कुणाला थांब म्हणावं तसे. आप्पानं सुरुवातीला खूप समजावलं, मग नाद सोडला. या सवयीचं कारण श्रीपती होता. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं घरात एक नेम घातला होता. यापुढं या घरातलं माणूस कुणापुढं ओंजळ धरणार नाही. त्याआधी गावात विहिरीवर कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि यांनी खाली ओंजळ धरून प्यायचं, ही रीत होती. श्रीपतीनं सांगितलं, घरून तांब्या न्यायचा, तांब्यात ओतलं तर घ्यायचं, नाहीतर तहानलेलं घरी यायचं. लिंबाजी त्या नेमात वाढला. वरून काही येताना दिसलं की त्याचे हात ओंजळ व्हायचेच नाहीत.

चौथा चेंडू साहेबांच्या बॅटच्या बरोबर मधे लागला. म्हातारपणीही त्या माणसाच्या खांद्यात जोर होता. चेंडू वर गेला, गव्हाणीच्या छपराच्या वर गेला, आणि लिंबाजीला कळलं की तो सरळ आपल्याकडं येतो आहे, पळायचीही गरज नाही. हात आपोआप तोंडासमोर निघाले. अर्ध्यात त्यानं ते ओढून खाली आणले, करंगळीला करंगळी लावली आणि पोटापाशी ओंजळ धरली. असा झेल घेणं त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. चेंडू ओंजळीत पडला, अंगठ्यावर उडाला आणि रेघेच्या बाहेर गेला.

बँड वाजला. पेढ्यांची परात निघाली. गाडीवानांतला एक जण लिंबाजी म्हातारा झाला म्हणून हसला, आणि त्याचं ऐकून बाकीचेही हसले. लिंबाजीनं चेंडू आणायला पाठ फिरवली तेव्हा बाप समोर होता. श्रीपती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हता. तो त्याच्या हातांकडं बघत होता. चेंडू त्याच्या पायांपाशी येऊन थांबला होता. त्यानं वाकून तो उचलला आणि पोराच्या हातात दिला.

संध्याकाळी मांडवात साहेबांनी स्वतः यादी वाचली. सातवं नाव वाचताना ते थांबले, चष्म्यावरून मांडवात बघितलं आणि म्हणाले, या पोरानं एकदा मला बाद केलं होतं. लोक हसले. आप्पानं टाळ्या वाजवल्या नाहीत, तो उठून बाहेर गेला. सुमनबाई बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं धाकटीला उचलून कडेवर घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. लिंबाजीनं कागद घेतला, वाकला, आणि गर्दीत बापाला शोधायला लागला.

श्रीपती कारखान्याच्या गेटाबाहेर, एसटी थांबते तिथं दगडावर बसला होता. दिवस मावळायला आला होता. लिंबाजी त्याच्या शेजारी बसला. कागद दाखवावा की खिशातच ठेवावा हे त्याला कळेना. इतकी वर्षं कुणी हिणवलं तरी त्याला लाज वाटली नव्हती, ती आज वाटत होती. चूक झाली असं म्हणावं तर चूक झाली नव्हती, नळ मिळाला होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आबा, तुमी बघितलाव."

"बघितलं," श्रीपती म्हणाला.

 मग बाप आपणहून बोलायला लागला. "तुला याद नसंल. तू तीन वर्साचा हुतास. दीक्षेनंतरचा पैला उन्हाळा. तुला गोवर निघाला हुता आन म्या तुला खांद्यावर टाकून लोहाऱ्यास्नं डाक्टरकडनं चालत येत हुतो. तांब्यातलं पानी सपलं. तू रडायचाबी बंद झालास. वाटंत एक मळा लागला, मोट चालू हुती. म्या तांब्या पुढं केला. मोटंवरचा मानूस म्हनला, तांब्यात न्हाय, वंजळ धर."

लिंबाजीनं मान वळवून बापाकडं बघितलं. बाप समोरच बघत होता.

"धरली म्या," श्रीपती म्हणाला. "निम्मं सांडलं. ऱ्हायल्यालं तुझ्या तोंडात घातलं. घरी येऊन तुझ्या आयला बी बोललो न्हाय. आन दुसऱ्या दिशी पुन्हा सगळ्यास्नी नेम सांगत बसलो. तीस वर्सं सांगितला."

लिंबाजीला हुंदका आला. मोठा माणूस, बाउंड्रीवर शंभर सामने काढलेला, बापाच्या शेजारी बसून तोंडावर हात धरून रडला. श्रीपतीनं त्याला गप्प केलं नाही. पोर रडायचं थांबलं होतं तो दिवस त्यानं बघितला होता, रडण्याचं त्याला भय नव्हतं.

शांत झाल्यावर लिंबाजीनं विचारलं, "तवा लाज वाटली का, आबा?"

श्रीपतीनं थोडा विचार केला. "तवा न्हाय वाटली," तो म्हणाला. "तू पानी गिळत हुतास, म्या तुझा गळा बघत हुतो. लाज लई उशिरा वाटली. तू मोठा झालास, तुला नेम सांगत हुतो, तवा."

लोहाऱ्याची गाडी आली, दाराशी थांबली. कंडक्टरनं दोनदा विचारलं. श्रीपतीनं हातानं जा म्हणून सांगितलं आणि तो पोराच्या शेजारी तसाच बसून राहिला.